मदरबोर्डाची निवड

सुटे भाग आणून त्यांतून टेबलावरील संगणक जुळविण्याची पद्धत भारतातील शहरांत चांगलीच रूढ आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठा अशा मालासाठी प्रसिद्ध आहेत. तेथे येणाऱ्या ग्राहकाने बहुधा दोन गोष्टी मनाशी ठरविलेल्या असतात : प्रोसेसर कोणता घ्यावयाचा आणि एकंदर खर्च किती करावयाचा. मदरबोर्डाचा विषय निघाला म्हणजे तो विक्रेत्याला एवढेच सांगतो, की या प्रोसेसरला बसेल असा कोणताही द्यावा.

ही भूमिका वरवर पाहता व्यवहारी वाटते. परंतु समजा, जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीसाठी घरच्यांनी वर्षभराच्या बचतीतून संगणक घ्यावयाचे ठरविले आहे. सर्व भाग मोठ्या शहरातून आणले, घरी जुळविले, बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला. एकही भाग सदोष नाही. केवळ त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. उघडलेल्या खोक्यातील माल परत घेण्यास दुकानदार सहसा राजी नसतो. अशा वेळी चूक बहुतेक करून मदरबोर्डाच्या निवडीत झालेली असते.

मदरबोर्ड स्वतः कोणतेही गणित सोडवीत नाही, चित्र काढीत नाही, की माहिती साठवीत नाही. त्याचे काम जोडणीचे आहे. प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांना बसावयास जागा देणे, त्यांच्यात संदेशांची वाट मोकळी ठेवणे, प्रत्येकाला योग्य दाबाची वीज पुरविणे आणि संगणक सुरू होताच सर्वांना जागे करणारा पहिला प्रोग्रॅम सांभाळणे, एवढी कामे त्याच्याकडे असतात. संगणक किती वेगवान असेल हे तो फारसे ठरवीत नाही. पण त्यात काय बसेल आणि पुढे काय बदलता येईल, हे तोच ठरवितो. रॅम किंवा डिस्क एकेकटी बदलता येते. मदरबोर्ड बदलावयाचा म्हणजे सारा संगणक उकलावा लागतो, आणि कित्येकदा प्रोसेसर व रॅमही नवी घ्यावी लागते.

थोडा पूर्वेतिहास

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याच्या मुख्य बोर्डावर जादा कार्डे बसविण्यासाठी पाच स्लॉट होते. पडद्यावर अक्षरे उमटविण्याचे आणि फ्लॉपी डिस्क चालविण्याचे कामसुद्धा या स्लॉटांतील स्वतंत्र कार्डांवर सोपविलेले होते. पुढे ही कामे हळूहळू बोर्डावरच आली, आणि त्यांतील काही तर बोर्डावरून प्रोसेसरच्या पोटात गेली. रॅमवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा एएमडी कंपनीने २००३ मध्ये आणि इंटेल कंपनीने २००८ मध्ये आपल्या टेबलावरील संगणकांच्या प्रोसेसरमध्ये समाविष्ट केली. पूर्वी बोर्डावर नॉर्थब्रिज व साउथब्रिज अशा दोन मोठ्या चिप असत. आता बहुधा एकच उरली आहे, आणि तिलाच चिपसेट म्हणतात.

या स्थित्यंतराचा ग्राहकाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा अर्थ आहे. रॅमशी होणारी देवाणघेवाण आता प्रोसेसर स्वतःच सांभाळीत असल्यामुळे एकच प्रोसेसर दोन चांगल्या बोर्डांवर जवळजवळ सारख्याच वेगाने काम करतो. महाग बोर्ड घेतल्याने संगणक वेगवान होतो, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. जास्त पैशांत मिळतात त्या जास्त सोयी आणि जास्त भार सोसण्याची ताकद. त्यांची आवश्यकता आहे किंवा नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावयाचा असतो.

बसणे वेगळे, चालणे वेगळे

प्रोसेसर ज्या चौकोनी बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. प्रोसेसर आणि सॉकेट एकाच जातीचे असले पाहिजेत, ही पहिली अट. पण ती पुरेशी नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ या सॉकेटाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हे सॉकेट २०१५ मध्ये आले. जानेवारी २०१७ मध्ये त्याच सॉकेटाचे झेड २७० चिपसेट असलेले बोर्ड निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रोसेसरची आठवी पिढी आली. तिचीही बैठक तीच होती. परंतु हे प्रोसेसर झेड २७० वर अधिकृतपणे चालत नव्हते, त्यांना झेड ३७० हा नवा चिपसेट लागत होता. डबा रुळांवर नीट बसला तरी सिग्नलची पद्धत निराळी असेल तर गाडी पुढे जात नाही, तसाच हा प्रकार होता.

याच्या उलट उदाहरण एएमडीच्या एएम ४ या सॉकेटाचे. ते २०१६ मध्ये आले. २०१७ मध्ये रायझेनच्या पहिल्या पिढीसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांना २०२२ मध्ये नवे बायोस मिळाले, आणि २०२० च्या अखेरीस निघालेले रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर त्यांच्यावर चालू लागले. ज्याने पाच वर्षांपूर्वी विचारपूर्वक बोर्ड घेतला होता, त्याला केवळ प्रोसेसर बदलून जवळजवळ नवा संगणक मिळाला.

बायोस म्हणजे मदरबोर्डावरील चिपमध्ये साठविलेला प्रारंभीचा प्रोग्रॅम. प्रोसेसरची ओळख त्यालाच असावी लागते. दुकानाच्या फडताळात पडून राहिलेला बोर्ड जर नव्या प्रोसेसरच्या जन्माआधी तयार झालेला असेल, तर बायोस अद्ययावत केल्याखेरीज तो संगणक सुरू होणार नाही. आणि संगणक सुरू झाल्याखेरीज बायोस बदलणे सामान्यतः शक्य नसते. या पेचातून सोडविणारी एक सोय काही बोर्डांवर असते : प्रोसेसर न बसविताही यूएसबी ड्राइव्हवरून नवे बायोस उतरविता येते. वरील विद्यार्थिनीच्या घरी जुना प्रोसेसर उसना मिळण्याची शक्यता नाही. तिच्यासाठी ही सोय शोभेच्या दिव्यांपेक्षा कितीतरी मोलाची आहे. बोर्ड बनविणाऱ्या कंपन्या प्रत्येक बोर्डासाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी प्रसिद्ध करतात, आणि कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते हेही त्यात नमूद केलेले असते. खरेदीपूर्वी ही यादी पाहावी.

विजेचा भार

एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट दाबाची वीज मिळते. प्रोसेसरला मात्र साधारण एक-सव्वा व्होल्टच लागतो. हा दाब उतरविण्याचे काम सॉकेटाच्या भोवती मांडलेली, व्हीआरएम या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा करते. दाब उतरला म्हणजे प्रवाह वाढतो, आणि येथेच खरी कसोटी असते. घरातील १,००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेते. १२० वॅट खर्च करणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर १०० अँपिअर घेतो.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटात कोअर आय ३-१२१०० हाही प्रोसेसर बसतो आणि कोअर आय ९-१२९०० के हाही बसतो. पहिल्याचा कमाल वीजखर्च ८९ वॅट, तर दुसऱ्याचा २४१ वॅट आहे. स्वस्त बोर्डावर दुसरा प्रोसेसर बसविला तर तो बहुधा सुरू होईल. पण दीर्घकाळ जड काम चालू राहिले की व्हीआरएम तापेल आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणील. म्हणजे प्रोसेसरवर खर्च केलेली जादा रक्कम वाया जाईल. भारतीय उन्हाळ्यात खोलीचेच तापमान जेथे ४० अंशांवर जाते, तेथे व्हीआरएमवर धातूचा उष्णताशोषक बसविलेला आहे की नाही हे अवश्य पाहावे. उलटपक्षी, साध्या प्रोसेसरसाठी अतिबलाढ्य व्हीआरएमचा बोर्ड घेणे हेही उधळपट्टीचेच होय.

रॅमची जात आणि जागा

डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही प्रकारच्या रॅमपट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, पण त्यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही, आणि जोर लावून बसविण्याचा प्रयत्न करूही नये. एलजीए १७०० सॉकेटाचे काही बोर्ड डीडीआर ४ चे, तर काही डीडीआर ५ चे आहेत. नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे येथे हमखास गफलत होते. २०२२ मध्ये आलेले एएमडीचे एएम ५ आणि २०२४ मध्ये आलेले इंटेलचे एलजीए १८५१ या सॉकेटांसाठी मात्र डीडीआर ५ च लागते.

बोर्डावर रॅमच्या जागा दोन की चार, हाही विचार करावयाचा असतो. रॅम एकाच पट्टीत घेण्याऐवजी तेवढीच दोन पट्ट्यांत विभागून घेतली तर प्रोसेसरला माहितीच्या दोन वाटा एकाच वेळी वापरता येतात. दोनच जागा असलेल्या बोर्डावर मग पुढील वाढीसाठी जागा उरत नाही. जुन्या पट्ट्या काढूनच नव्या बसवाव्या लागतात. इंटेलच्या एच ६१० चिपसेटाच्या बोर्डांवर अशा दोनच जागा असतात.

स्लॉट, जोडण्या आणि आकार

ग्राफिक्स कार्डासाठी असलेल्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची क्षमता पिढीगणिक दुप्पट होत आली आहे. सोळा मार्गिकांचा स्लॉट तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट, चौथ्या पिढीत ३२ आणि पाचव्या पिढीत ६४ गिगाबाइट माहिती एका दिशेने नेऊ शकतो. जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये आणि नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालते. वेग मात्र दोहोंतील कमी क्षमतेचा मिळतो. बोर्डावर दिसणारा प्रत्येक लांब स्लॉट पूर्ण सोळा मार्गिकांचा असतोच असे नाही. काही बोर्डांवर एखादी एम.२ डिस्क बसविली की साटा डिस्कच्या एकदोन जोडण्या बंद पडतात. या गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात. त्या माहितीपुस्तिकेत सापडतात.

मागील बाजूस पडदा जोडण्याची सोय दिसते म्हणून चित्र उमटेलच असेही समजू नये. त्या जोडणीला चित्र पुरविण्याचे काम प्रोसेसरमधील ग्राफिक्स करते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते; त्यांच्यासोबत निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते.

आकारांचे नियम मात्र सुटसुटीत आहेत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा नमुना प्रसिद्ध केला. त्याचा बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो. मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटरच्या, तर मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटरच्या चौरसात मावतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये बहुधा लहान बोर्ड बसतो, लहान कॅबिनेटमध्ये मोठा बसत नाही. सामान्य गरजेला मायक्रो एटीएक्स पुरेसा पडतो.

निर्णयाचा क्रम

तेव्हा मदरबोर्ड सर्वांत आधीही ठरवू नये आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांतही घेऊ नये. प्रथम कामाचे स्वरूप ठरवावे. त्यानुसार प्रोसेसर निवडावा. नंतर त्या प्रोसेसरचे सॉकेट, चिपसेट, बायोस आणि वीजभार या चारही कसोट्यांना उतरणारे बोर्ड शोधावेत. आणि त्यांतून रॅमच्या जागा, स्लॉट, हमीचा कालावधी व दुरुस्तीची सोय पाहून एक निश्चित करावा. खोके उघडताना सॉकेट नीट न्याहाळावे. इंटेलच्या आणि एएम ५ च्या सॉकेटांत केसासारख्या बारीक पिना बोर्डावरच असतात. एखादी वाकली तर हमी सहसा लागू होत नाही.

ही विचारणा करण्यास एखादी संध्याकाळ पुरते, आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. माहितीपुस्तिका वाचण्याची तयारी असली म्हणजे झाले. त्या विद्यार्थिनीच्या घरच्यांनी एवढे केले, तर चार-पाच वर्षांनी तिची गरज वाढेल तेव्हा दोन रॅमपट्ट्या किंवा एक नवा प्रोसेसर घेऊन भागेल, आणि पूर्वीची बचत त्याच बोर्डावर कामी येत राहील.