एक तवा आणि दोन किलो बटाटे

पुणे जिल्ह्यात, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या परिसरात विंझर नावाचे गाव आहे. तेथे माझे मामा राहतात. जुलै महिन्यात भाताची लावणी सुरू असताना मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामी पहाटेच भाकऱ्या थापून रोपे काढायला शेतावर गेली. दहा माणसांच्या न्याहारीसाठी आता फक्त बटाट्याच्या काचऱ्या करायच्या राहिल्या होत्या. ते काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतले. महाविद्यालयात उष्णतेचे नियम शिकवणाऱ्याला काचऱ्या करणे अवघड का जावे?

मोठा लोखंडी तवा चुलीवर चांगला तापवला, तेलात फोडणी केली आणि चिरलेले दोन किलो बटाटे एकदम त्यात लोटले. लवकर व्हावे म्हणून जाळ वाढवला. थोड्या वेळाने उलथने फिरवून पाहतो, तर खालचे काप काळे होऊन तव्याला चिकटलेले आणि वरचे कच्चेच! पुन्हा सगळे निस्तरेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ दहा माणसे खोळंबली. लावणीच्या दिवसांत पाऊण तास म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच विचारावे.

असे का झाले? चला, हिशेब मांडून पाहू.

तव्याचे वजन सुमारे दोन किलो आणि त्याचे तापमान २०० अंश सेल्सियस होते असे मानू. लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.११ आहे. म्हणजे एक ग्रॅम लोखंडाचे तापमान एक अंशाने वाढवायला ०.११ कॅलरी पुरते. बटाट्यात मात्र जवळजवळ ८० टक्के पाणी असते, त्यामुळे त्याची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८५ भरते. म्हणजेच दोन किलो तव्याची उष्णताधारकता अंशामागे २२० कॅलरी, तर दोन किलो बटाट्यांची १,७०० कॅलरी. आता २०० अंशांचा तवा आणि २५ अंशांचे बटाटे एकत्र आले आणि खालचा जाळ क्षणभर विसरला, तर दोघांचे समान तापमान किती होईल? मिश्रणाच्या पद्धतीने उदाहरण सोडवून पाहा. उत्तर येते फक्त ४५ अंश! मी 'तापलेल्या तव्यावर' बटाटे टाकले होते खरे, पण बटाट्यांनीच तव्याला गार केले होते. पुढे सगळी उष्णता एकट्या जाळाला पुरवावी लागली, आणि ती तळातल्या थरालाच आधी मिळाली.

उष्णता बटाट्याच्या आत हळूहळू शिरते. तिला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काप दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट लागतो. घाईघाईत मी काप जाडेभरडे चिरले होते, ही माझी दुसरी चूक.

तिसरी चूक सर्वांत महत्त्वाची. काचरी चांगली व्हायची तर बटाट्यात दोन निरनिराळे बदल व्हावे लागतात आणि त्यांची तापमाने वेगळी आहेत. पहिला बदल शिजण्याचा. बटाट्यातील पिष्टाचे कण ६० ते ७० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगतात आणि काप मऊ होतो. दुसरा बदल खरपूस होण्याचा. पृष्ठभागावरील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेने तांबूस रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याने १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले. ती भराभर व्हायला सुमारे १४० अंश तापमान लागते.

आता अडचण लक्षात येईल. कापाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला तब्बल ५४० कॅलरी लागतात! एक किलो बटाटे २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ६४ हजार कॅलरी पुरतात. पण त्यांतील अवघे २०० ग्रॅम पाणी उडवायचे झाले तर १ लाख ८ हजार कॅलरी खर्च होतात. न झाकलेल्या तव्यावर मी नेमके हेच करत होतो. वाफेबरोबर माझे सरपणही हवेत चालले होते. तळाशी पाणी संपले आणि काप करपले. वरच्या कापांपर्यंत उष्णता पोचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मामीने मला शेजारी बसवले. तिने काप पातळ चिरले, धुऊन फडक्यावर कोरडे केले. धुतल्यामुळे पृष्ठभागावरचे सुटे पिष्ट जाते आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत. मग निम्मेच काप तव्यावर पसरले आणि वर पाणी घातलेले ताट झाकण म्हणून ठेवले. आता बाहेर पडू पाहणारी वाफ वरच्या थरातील गार कापांवर निवते. निवताना प्रत्येक ग्रॅममागे तीच ५४० कॅलरी उष्णता ती त्यांना परत देते. उरलेली वाफ गार ताटाच्या बुडाशी थेंब होऊन खाली पडते, त्यामुळे तळ कोरडा पडत नाही. ताटातले पाणी तापते, तेही वाया जात नाही. भाजी कोरडी पडलीच तर तेच शिंपडता येते.

काप मऊ झाल्यावर मामीने ताट काढले, मीठ घातले आणि जाळ किंचित वाढवला. मीठ आधी घातले असते तर कापांतले पाणी लवकर बाहेर सुटले असते. आता मात्र वाफ मोकळी निघून जाऊ लागली, पृष्ठभाग कोरडा झाला आणि खरपूसपणा चढू लागला. काप ती सारखे हलवत नव्हती, कारण तव्याला टेकून राहिल्याशिवाय रंग येत नाही.

"काल तू आधी भाजलंस आणि मग शिजवायला गेलास," मामी म्हणाली. माझ्या सगळ्या आकडेमोडीचे सार या एका वाक्यात होते! मामीने दोन घाणे काढले, तरीही एकूण वेळ माझ्यापेक्षा कमीच लागला.

रंगाबद्दल एक सूचना. काचऱ्या सोनेरी झाल्या की उतरवाव्यात, काळ्या होऊ देऊ नयेत. पिष्टमय पदार्थ फार तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायन तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. बटाटे फार थंड जागी राहिले तर त्यांतील काही पिष्टाची शर्करा होते आणि ते लवकर काळपटतात. म्हणून घरी बटाटे शीतकपाटात न ठेवता अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. उजेडात राहून हिरवे पडलेले बटाटे मात्र खाऊ नयेत. त्यांत सोलॅनिन हे विष वाढलेले असू शकते आणि शिजवल्याने ते नाहीसे होत नाही.

आता एक प्रयोग. घरातील मोठ्या माणसांना बरोबर घेऊन २०० ग्रॅम बटाट्याचे काप करा. तेल आणि मीठही मोजून घ्या. झाकण ठेवून शिजवल्यावर एकदा आणि झाकण काढून खरपूस केल्यावर पुन्हा एकदा वजन करा. प्रत्येक टप्प्यात वजनात आलेली घट म्हणजे उडालेले पाणी. तिला ५४० ने गुणा, म्हणजे वाफेवर किती उष्णता खर्च झाली ते समजेल. दुसऱ्या वेळी तेवढेच काप झाकणाशिवाय करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

आणि हो, प्रयोग संपल्यावर काचऱ्या गरम गरम भाकरीबरोबर खाव्यात. विज्ञानाचा एवढा चविष्ट निष्कर्ष वारंवार हाती येत नाही!