सांडपाण्यातून फ्ल्यूचा माग

तुमच्या वर्गात तापामुळे किती मुले गैरहजर आहेत हे हजेरीपटावरून लगेच कळते. पण लाखो वस्तीच्या शहरात आज फ्ल्यूचे, म्हणजे इन्फ्ल्यूएंझाचे, किती रोगी आहेत हे कोण सांगणार? दवाखान्यांतील नोंदी पाहाव्यात, असे तुम्ही म्हणाल. परंतु पुष्कळसे रोगी दवाखान्यात जातच नाहीत. आल्याचा काढा घेऊन पांघरूण ओढून पडून राहतात. जे जातात त्यांतील थोड्यांच्याच घशातील नमुना प्रयोगशाळेत पोचतो, आणि अहवाल येईपर्यंत साथ पुढे सरकलेली असते.

मात्र एका ठिकाणी आजारी-निरोगी, गरीब-श्रीमंत असे सगळेच रोज आपली नोंद करतात. ते ठिकाण म्हणजे शहराचे भुयारी गटार!

आता तुम्ही विचाराल, फ्ल्यू तर श्वसनमार्गाचा रोग. त्याचा विषाणू गटारात कसा? रोग्याने नाक शिंकरले, चूळ भरली, की तो मोरीतून वाहून जातो. शिवाय काही कफ गिळला जातो, आणि कित्येक रोग्यांच्या विष्ठेतही विषाणूचे अंश सापडतात. हा विषाणू साधारण १०० नॅनोमीटर व्यासाचा. म्हणजे एक मिलीमीटर लांबीत असे १०,००० विषाणू ओळीने बसतील. त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यामुळे तो पाण्यात मोकळा राहण्याऐवजी घन कणांना चिकटून बसण्याकडे त्याचा कल असतो. म्हणूनच काही शास्त्रज्ञ वरचे पाणी न तपासता शुद्धीकरण केंद्रातील टाकीच्या तळाचा गाळ तपासतात.

या गाळात विषाणूचे आर.एन.ए. अत्यल्प असते. प्रथम त्यापासून डी.एन.ए. बनवितात आणि मग पी.सी.आर. या पद्धतीने त्याच्या प्रती काढतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डी.एन.ए.चे दोन धागे सुटे होतात; मिश्रण थंड केले की प्रत्येक धाग्यावर नवा जोडीदार तयार होतो. दर फेरीला दुप्पट! बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. तोच हिशेब येथे करा. एका रेणूपासून ३० फेऱ्यांनंतर १०७ कोटींहून अधिक प्रती होतील. प्रत्यक्षात दुपटीत थोडी तूट येते, पण तेवढे चालते.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. मला यातील मोजमापाचा भाग फार आवडतो. समजा, काल गटाराच्या एका लिटर पाण्यात विषाणूच्या आर.एन.ए.च्या १,००० प्रती होत्या. आज पाऊस पडला, गटारात दुप्पट पाणी आले, आणि संख्या ५०० झाली. रोगी निम्मे झाले का? मुळीच नाही, पाणी वाढले! तेव्हा तुलनेसाठी पाण्याबरोबर तेवढ्याच प्रमाणात पातळ होणारी दुसरी एखादी वस्तू हवी. ती सापडली आहे मिरचीत. मिरचीच्या झाडावर पडणारा एक निरुपद्रवी विषाणू (आपल्याला निरुपद्रवी, झाडाला नव्हे) आपल्या जेवणातून पोटात जातो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. फ्ल्यूचा आकडा या मिरची-विषाणूच्या आकड्याने भागला, की पावसाचा परिणाम बराचसा निघून जातो. आपल्या ठेच्याचा असाही उपयोग!

ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. मुंबईत २००१ पासून गटारांतील पाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जात आहे. बहुतेक मुलांना पोलिओची लागण होऊनही लुळेपणा येत नाही, म्हणून तो केवळ रोगी पाहून सापडत नाही; गटारात मात्र सापडतो.

पण गटार बोलते त्याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात अमॅरिलो नावाचे शहर आहे. २०२४ च्या वसंत ऋतूत, फ्ल्यूचा हंगाम ओसरत असताना, तेथील सांडपाण्यात इन्फ्ल्यूएंझा 'ए'चे प्रमाण वाढलेले दिसले. नेहमीची चाचणी 'ए' गटातील सर्व विषाणूंना एकच मानते. त्याच सुमारास, २५ मार्च २०२४ रोजी, टेक्सास व कॅन्सस राज्यांतील दुभत्या गाईंमध्ये पक्ष्यांच्या फ्ल्यूचा एच-५-एन-१ हा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. शास्त्रज्ञांनी मग केवळ 'एच-५' ओळखणारी चाचणी तयार करून सांडपाण्याचे नमुने तपासले. त्यांत तो होता!

तर मग शहरातील माणसांना पक्ष्यांचा फ्ल्यू झाला होता का? शास्त्रज्ञांनी गटारात कोण काय सोडते याची चौकशी केली, तेव्हा दुग्धप्रक्रिया कारखान्यांचे सांडपाणीही त्याच गटारात येत असल्याचे आढळले. आजारी गाईच्या दुधात हा विषाणू विपुल असतो. पाश्चरीकरणाच्या उष्णतेने तो निकामी होतो, पण त्याच्या आर.एन.ए.चे तुकडे उरतात, आणि पी.सी.आर.ला जिवंत विषाणू व मेलेला विषाणू यांतील फरक कळत नाही. साहजिकच तेथील आकड्यावरून किती माणसे आजारी आहेत हे सांगता येईना. त्यासाठी माणसेच तपासावी लागली. टेक्सासमधील एका गोठ्यातील कामगाराला लागण झाल्याचे १ एप्रिल २०२४ रोजी जाहीर झाले. डोळे लाल होणे, एवढेच त्याचे लक्षण होते.