मेंदूची दुखापत आणि घरची शुश्रूषा

रस्त्यावरील अपघातात, माडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडल्याने डोक्यास जबर मार लागलेली अनेक माणसे आज मृत्यूच्या दारातून परत येतात. गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ साली सुरू झाली. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूवरील शस्त्रक्रिया होतात. जखम भरते, टाके काढले जातात, रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी येतो. गावातील मंडळी भेटून जातात आणि ‘देवाने राखले’ असे म्हणून निश्चिंत होतात. घरच्या माणसांची खरी परीक्षा मात्र येथून पुढे सुरू होते. रुग्णालयातील उपचार काही आठवड्यांचे असतात. घरातील शुश्रूषा काही वर्षांची असू शकते, आणि बहुधा ती पत्नीच्या किंवा आईच्या एकटीच्या खांद्यावर पडते. हा भार वाटून घेणे हे शेजार, शाळा, कचेरी व शासन या सर्वांचेच कर्तव्य होय.

दुखापतीचे स्वरूप

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. हा मऊ अवयव कवटीच्या कठीण पेटीत द्रवाने वेढलेला असतो. डोके जोराने आदळले की मेंदू आतल्या आत एका बाजूवर आपटतो व उलट झटक्याने दुसऱ्या बाजूवरही आपटू शकतो. त्यामुळे रक्तस्राव होतो, सूज येते आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले वा तुटले जातात. बाहेर एकही जखम दिसत नसताना हे घडू शकते.

दुखापत किती गंभीर आहे हे ठरविण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते, ती ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल करणे या तीन गोष्टींवरून रुग्णास ३ ते १५ गुण दिले जातात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर दुखापत. तथापि कागदावर ‘सौम्य’ असे लिहिलेल्या माणसालाही पुढे कित्येक महिने त्रास होऊ शकतो, हे विसरता कामा नये.

न दिसणारे परिणाम

समजा, डिचोली तालुक्यातील एका गवंड्याचा मोटारसायकलवरून येताना अपघात झाला. तीन महिन्यांनी तो हिंडू-फिरू लागला. शेजाऱ्यांना तो पूर्वीसारखाच दिसतो. परंतु सकाळी सांगितलेली गोष्ट त्याला दुपारी आठवत नाही. भिंतीचे माप घेता घेता तो मध्येच थांबतो. तासाभराच्या कामाने थकून झोपतो. चतुर्थीच्या दिवसांत घरात माणसे जमली, फटाके वाजू लागले की त्याचे डोके दुखते आणि तो मुलांवर ओरडतो. गावात कोणी त्याला आळशी म्हणतो, कोणी म्हणतो दारू प्यायला असेल, तर कोणी बाहेरची बाधा झाल्याचे सांगून घरच्यांना खर्चात पाडतो. वस्तुतः स्मरण, लक्ष, संयम आणि पुढचा विचार यांसाठी मेंदूच्या ज्या भागांची गरज असते, त्यांनाच इजा झालेली असते. पाय मोडलेल्या माणसाला कोणी धावावयास सांगत नाही. येथे मोडलेला भाग दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट नवी नाही. १८४८ साली अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात फिनिअस गेज नावाच्या रेल्वेमार्गावरील मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु पूर्वीचा जबाबदार माणूस आता चंचल व उद्धट झाला होता. त्याच्या हकिकतीचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले. रोजच्या ठराविक कामाच्या चौकटीत तो बराच सावरला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. नियमित दिनक्रम हे या आजारातील एक महत्त्वाचे औषध आहे, असा बोध त्यावरून घेता येतो.

घरात काय करावे

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत अधिक वेगाने होते. त्यानंतर ती मंदावते, पण थांबत नाही. उठणे, स्नान, जेवण, व्यायाम व विश्रांती यांच्या वेळा ठरवून त्या मोठ्या अक्षरात भिंतीवर लावाव्यात. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी व ती रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यावी. राग आला असता वाद न घालता त्याला शांत जागी न्यावे आणि थोड्या वेळाने विषय बदलावा. जे काम त्याला जमते ते त्यालाच करू द्यावे. उशीर झाला तरी चालेल.

मद्य पूर्णपणे वर्ज्य समजावे. आकडीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाहन चालविणे, माडावर चढणे, विहिरीवर वा नदीवर एकट्याने जाणे टाळावे. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, न उतरणारी गुंगी, आकडी, एका अंगाची शक्ती जाणे, कानातून वा नाकातून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

शुश्रूषा करणारीची काळजी

रुग्णाची विचारपूस सर्वजण करतात. त्याच्या उशाशी रात्र काढणारीची कोणी करीत नाही. तिची झोप मोडते, मजुरी बुडते, आणि नवरा समोर असूनही पूर्वीचा माणूस हरवल्याचे दुःख तिला कोणाजवळ बोलता येत नाही. अशा वेळी उपदेशापेक्षा दोन तासांची सुटका अधिक मोलाची ठरते. आठवड्यातून दोनदा एखाद्या शेजाऱ्याने रुग्णाजवळ बसावे, स्वयंसाहाय्य गटाने तिचे बाजारहाटाचे काम करावे, भजनी मंडळाने रुग्णाला थोडा वेळ शांतपणे आपल्यात बसवून घ्यावे. यास पैसा लागत नाही. मन फारच खचल्यास १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही केंद्र शासनाची मानसिक आरोग्य सेवा उपलब्ध असून ती २०२२ साली सुरू झाली.

समदुःखी कुटुंबांनी एकत्र येणे हाही मोठा आधार असतो. अमेरिकेत मेंदूची दुखापत झालेल्यांसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना १९८० साली उभी राहिली, ती मॅसॅच्युसेट्स राज्यातील अशाच एका कुटुंबाच्या पुढाकाराने. तालुक्यातील चार-पाच कुटुंबे महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात वा पंचायतीच्या सभागृहात भेटली, तरी कोणत्या दिवशी कोणत्या विभागात जावे, कोणता कागद लागतो, रात्रीची चिडचिड कशी आवरावी, हे अनुभवाचे ज्ञान एकमेकांस मिळेल.

शाळा आणि कचेरी

डोक्यास मार लागलेले मूल शाळेत परतले की आरंभी त्यास अर्धा दिवसच बसवावे, पुढच्या बाकावर जागा द्यावी, फळ्यावरील मजकूर उतरविण्यास अधिक वेळ द्यावा. पूर्वी हुशार असलेला विद्यार्थी मागे पडला, तर त्याला दोष देण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांकडे अपघाताची चौकशी करावी.

कार्यालयप्रमुखांनी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २० लक्षात ठेवावे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास त्या कारणास्तव सेवेतून कमी करता येत नाही वा पदावनत करता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्यास त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर नेमावे लागते.

हक्क व अर्ज

वरील अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. मेंदूची दुखापत हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. तिच्यामुळे चालणे, बोलणे, पाहणे, बुद्धी वा मन यांवर झालेल्या कायमच्या परिणामांवरून दिव्यांगत्व ठरते. म्हणून वैद्यकीय मंडळापुढे जाताना केवळ हातापायाची अडचण न सांगता विस्मरण, वाचादोष व वर्तनातील बदल हेही सांगावेत व त्यांच्या तपासणीचे कागद दाखवावेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास बऱ्याच सवलती मिळतात. प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र हाती आल्यावर राज्यातील दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो.

अपघात वाहनाचा असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. कायद्याने त्यासाठी अपघाताच्या दिवसापासून ६ महिन्यांची मुदत घातली असल्याने अर्ज मुदतीतच करावा. घरचे लोक रुग्णालयाच्या धावपळीत असतानाच ही मुदत सरून जाते. तेव्हा पंच, शिक्षक किंवा ग्रामपंचायत सचिव यांनी वेळीच आठवण करून द्यावी. दिव्यांग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळते. मेंदूस गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली भरपाई ठरविताना पुढील आयुष्यभराच्या परिचारकांचा खर्चही हिशेबात धरला. घरातील शुश्रूषेस मोल आहे, हे न्यायासनानेही मान्य केले आहे.

जे न्यायासनाने ओळखले, ते गावाने ओळखणे अवघड नाही. रुग्ण घरी परतला त्या दिवशी भेटून येणाऱ्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा एकदा त्या घरी जावे, रुग्णाशी सावकाश चार शब्द बोलावे आणि त्याची शुश्रूषा करणारीला विचारावे, ‘तुला आज कोणती मदत हवी?’ गावाच्या आधाराची सुरुवात या प्रश्नापासून होईल.