विश्लेषण : बाणेर, वाकड की हिंजवडी? फ्लॅट पाहण्याआधी हद्द पाहा

दादा-वहिनीबरोबर तीन महिन्यांत मी 14 फ्लॅट पाहिले. दादाचे ऑफिस हिंजवडीत, वहिनीचे शिवाजीनगरला, पुतणी जूनमध्ये पहिलीत जाणार आणि आईला गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही. त्यामुळे शोध मुळा नदीच्या आसपासच फिरत राहिला. एका बाजूला बाणेर-बालेवाडी, दुसऱ्या बाजूला वाकड-पुनावळे, आणि थोडे पुढे हिंजवडी-माण. सॅम्पल फ्लॅट सगळीकडे सारखेच. तोच पांढरा सोफा, तेच मॉड्युलर किचन, तेच ‘सगळं दहा मिनिटांवर’. दहाव्या फ्लॅटनंतर आम्ही बाल्कनीतून दिसणारा देखावा पाहणे सोडले आणि आधी एकच प्रश्न विचारू लागलो : इथे पाणी कोण देतं?

सेल्सच्या मुलांची गडबड नेमकी याच प्रश्नावर व्हायची. ‘कॉर्पोरेशनचं आहे, सर’ हे उत्तर लगेच यायचे. कुठल्या कॉर्पोरेशनचे, दिवसाला किती, असे विचारले की फोन करून सांगतो.

तीन शेजारी, तीन कारभार

नकाशावर ही तिन्ही ठिकाणे एकमेकांना चिकटलेली आहेत. कारभार मात्र तीन ठिकाणांहून चालतो. बाणेर आणि बालेवाडी पुणे महापालिकेत आहेत. नदी ओलांडली की वाकड, ताथवडे, पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. हिंजवडी आणि माण ही गावे ग्रामपंचायतींची. आयटी पार्क एमआयडीसीचा, तर पार्कच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या इमारतींचे नियोजन 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे. म्हाळुंगे आणि सूस 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. ब्रोकर त्यांना ‘बाणेर अॅनेक्स’ वगैरे म्हणतात, ते सोडून द्या.

हद्दीने काय फरक पडतो याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बालेवाडी आणि वाकडला जोडणारा मुळेवरचा पूल. पूल बांधून झाला, पण जोडरस्त्याच्या जागेचा प्रश्न न सुटल्याने तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. समोरच्या काठावरचे घर डोळ्यांना दिसते, पण तिथे जायला हायवेला वळसा. ऑनलाइन नकाशावर सरळ रेघ ओढून ‘ऑफिस जवळ आहे’ असे ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आम्हीही आधी रेघच ओढली होती.

पाण्याचा हिशेब

पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. ते नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उचलले जाते. धरणातून थेट बंद जलवाहिनी आणण्याचा प्रकल्प मावळात 9 ऑगस्ट 2011 रोजी शेतकऱ्यांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारानंतर थांबला. त्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहर मात्र वाढत राहिले. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि ‘तात्पुरता’ हा शब्द गळून पडला.

दिवसाआड पाणी म्हणजे सोसायटीची जमिनीखालची टाकी दोन दिवसांची हवी. 200 फ्लॅट, प्रत्येकी 4 माणसे आणि माणशी 135 लिटर हा सरकारी मापदंड धरला, तर रोज 1 लाख 8 हजार लिटर लागतात. दोन दिवसांचे झाले 2 लाख 16 हजार. टाकी त्याहून लहान असेल तर महापालिकेने पूर्ण पाणी सोडले तरी ते साठवणार कुठे?

आता समजा, गरजेच्या निम्मेच पाणी नळाने आले. उरलेल्या 54 हजार लिटरसाठी 10 हजार लिटरचे पाच-सहा टँकर रोज लागतील. टँकर हजार रुपयांना धरला, तर महिन्याला सुमारे 1 लाख 62 हजार, म्हणजे फ्लॅटमागे 810 रुपये. उन्हाळ्यात नळाचे पाणी पाव हिश्श्यावर आले आणि टँकर दीड हजारांवर गेला, की हाच आकडा 1800 च्या पुढे जातो. हे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या सोसायटीचे खरे दर मागच्या एप्रिल-मेच्या बिलांत सापडतील. पाहायला गेलात तर मेंटेनन्सची पावती न मागता टँकरची बिले मागा. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी आम्हाला ती आनंदाने दाखवली. दुसऱ्या ठिकाणी ‘तुम्ही आधी मेंबर व्हा’ असे उत्तर मिळाले.

बाणेर-बालेवाडीत महापालिका वेगळी, धरणे वेगळी (खडकवासला साखळी), पण टँकर तिथेही दिसतात. नव्या प्रकल्पांबाबत एक कागद जरूर मागावा. महापालिकेचे पुरेसे पाणी मिळेपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवू, असे हमीपत्र बांधकाम परवानगीच्या वेळी बिल्डरकडून घेतले जाते. सोसायटी ताब्यात आली की ही जबाबदारी कोणाची, यावर बरीच भांडणे होतात. हमीपत्राची प्रत हातात असली तर निदान भांडता येते.

हद्दीत नाव आले म्हणजे सेवा आली, असेही नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा सिंहगड रस्त्याकडची नांदेड, किरकटवाडी ही गावे चर्चेत आली. महापालिकेत ती 2021 मध्येच आली होती, पण त्या भागाला विहिरीचे पाणी केवळ क्लोरिन टाकून दिले जात होते, जलशुद्धीकरण केंद्र नव्हते. घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस असेल, तर ‘पाणी येतं का’ इतकेच विचारून चालत नाही. ते कुठल्या केंद्रातून शुद्ध होऊन येते, हेही विचारावे लागते.

मेट्रो आणि शाळा

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी मार्गिका सुमारे 23 किलोमीटरची, 23 स्थानकांची. जाहिरातींत ती प्रत्येकाच्या दारात आहे. प्रत्यक्षात ती बाणेर-बालेवाडीतून जाते आणि वाकड चौकात स्थानक आहे. ताथवडे, पुनावळे तिच्या मार्गावर नाहीत. वहिनीच्या दृष्टीने हा निर्णायक मुद्दा होता. पुनावळ्याचा फ्लॅट मोठा होता, पण स्थानकापर्यंत रोज रिक्षा.

शाळेचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. शाळा हायवेच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा. भूमकर चौक, ताथवडे, पुनावळे इथल्या अरुंद भुयारी मार्गांमधून सकाळी स्कूल बस आणि आयटीच्या बस एकाच वेळी जातात. आम्ही सोमवारी सकाळी साडेसात वाजता, पाऊस असताना, एकदा तो रस्ता गाडीने करून पाहिला. पुतणी मागच्या सीटवर झोपली.

कर आणि पूररेषा

करासाठी घर बदलू नये, पण नियम माहीत हवेत. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात 40 टक्क्यांची सवलत आहे. मधल्या काळात बंद झालेली ही सवलत 2023 मध्ये परत आली, मात्र नव्या मिळकतीसाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो. पिंपरी-चिंचवडचे नियम वेगळे. ग्रामपंचायतीचा कर कमी असतो, पण कचरा, दिवे, अंतर्गत रस्ते यांचा भार सोसायटीच्या मेंटेनन्सवर किती पडतो ते त्यात मिळवून पाहा.

नदीकाठचा फ्लॅट असेल तर विकास आराखड्यावर निळी आणि लाल रेषा शोधा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे मोजायचे असतील तर हे त्याआधी. भोगवटा पत्र आणि महारेराच्या संकेतस्थळावरची कागदपत्रेही त्याच बैठकीत तपासून घ्या.

आमचे काय झाले? आईला बालेवाडी आवडले, दादाला हिंजवडी, वहिनीला स्थानकाजवळ काहीही. शेवटी वाकडला, वाकड चौकातल्या स्थानकापासून चालत जाता येईल अशा जुन्या सोसायटीत 11 महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घेतले. लिफ्ट दोन आहेत, त्यातली एक चालते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढायचा आणि मग खरेदीचे बोलायचे, असे ठरले आहे. वहिनीने फ्रिजवर कागद चिकटवला आहे. टँकर आला की पुतणी त्यावर एक रेघ मारते.