प्रत्येक कावीळ म्हणजे कॅन्सर नव्हे



गेल्या हिवाळ्यात इथे ट्रॉयमध्ये ओळखीच्या एका काकांना कावीळ झाली. वय सत्तरीच्या पुढे. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढरट, अंगाला सारखी खाज. स्कॅनमध्ये पित्तनलिका एका जागी अरुंद झालेली दिसली आणि घरात ‘कॅन्सर’ हा शब्द शिरला. काकूंनी रडत फोन केला. मी एवढेच विचारले, “तुकडा काढून तपासला का?” अजून तपासला नव्हता.

आपले यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते पित्तनलिकेतून आतड्यात उतरते. नळी आवळली की पित्त तुंबते आणि रक्तात मिसळून कावीळ होते. या वयात कॅन्सरची शंका आधी घ्यावीच लागते. पण पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये झालेली इजा, खडे किंवा वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांनीही नळी आवळते.

आणखी एक कारण म्हणजे ‘आयजीजी-४’चा आजार. यात शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. स्वादुपिंडाच्या अशा सुजेत आयजीजी-४ हे प्रथिन रक्तात वाढते, हे जपानच्या डॉक्टरांनी २००१ साली दाखवले. हा आजार उतारवयातल्या पुरुषांत जास्त आढळतो आणि स्कॅनमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो.

काकांचे तेच निघाले. एंडोस्कोपीने तुकडा घेतला, रक्त तपासले, मग स्टेरॉइड सुरू झाले. काही आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा गेला. साखर मात्र वाढली, ती सांभाळावी लागली.

मोठ्या ऑपरेशनला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: तुकडा तपासला का? आयजीजी-४ पाहिले का? पूर्वीच्या ऑपरेशनचे कागद बरोबर न्या. सीए १९-९ ही तपासणी नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही वाढते, म्हणून त्या एका आकड्याने घाबरू नका.

उलटही लक्षात ठेवा. एका तुकड्यात कॅन्सर सापडला नाही, म्हणजे तो नाहीच असे नव्हे. पुन्हा तपासायला सांगितले तर टाळू नका. स्टेरॉइड मनाने घेऊ नका, मनाने बंदही करू नका.

कोकणात आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाला आठवतो. नळी तुंबली असेल तर त्यात फक्त दिवस वाया जातात. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा.

घाबरू नका, पण थांबूही नका.