तीन पत्तीचा हिशेब पोकरला लागू नाही

दिवाळीत तीन पत्ती खेळून सरावलेला माणूस पोकर शिकायला बसला की पहिला वाद होतो तो यावरच: सिक्वेन्स मोठी की कलर? तीन पत्तीत सिक्वेन्स मोठी, पोकरमध्ये कलर. हा उलटा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. बावन्न पानांतून तीन-तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे हात मात्र २५,९८,९६०. त्यांत साधी सिक्वेन्स १०,२०० आणि साधा कलर फक्त ५,१०८. पाचही पानं एकाच रंगाची मिळणं जास्त अवघड, म्हणून इथे कलर वरचढ. पोकरची सगळी उतरंड याच तत्त्वावर उभी आहे, त्यामुळे ती घोकण्यापेक्षा समजून घेणं सोपं जातं.

इस्पिकचा कलर बदामच्या कलरला मारतो, हाही एक समज. पोकरमध्ये चारही रंगांची किंमत सारखी. पाचही पानं तोडीस तोड निघाली, तर पॉट वाटून घ्यायचा.

टेक्सास होल्डेममध्ये हातात दोन पानं आणि मधे पाच उघडी असतात. हातातली दोन्ही वापरण्याची सक्ती नाही. हातातली नेमकी दोन पानं वापरण्याची सक्ती ओमाहा या प्रकारात असते. होल्डेममध्ये सातांतली सर्वोत्तम पाच धरायची. म्हणूनच तीन जोड्या जमल्या, तरी दोनच मोजतात.

एक्क्यांची जोडी आली की जिंकलोच, असं नवख्याला वाटतं. शेवटपर्यंत समोर एकच जण कुठलीही पानं घेऊन राहिला, तर ती शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. पाच जण राहिले, तर निम्म्याच्या आसपास. जाणते खेळाडू अशा जोडीवर सुरुवातीलाच बेट वाढवून गर्दी कमी करतात, ते यासाठीच.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे पोकर हा ब्लफचा खेळ आहे, हा. खरं तर आधी शिकायचं ते पानं टाकून देणं. समजा, तुमची चार बदामं जमली आहेत आणि एकच पान उघडायचं आहे. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदामं उरली, म्हणजे संधी जेमतेम २० टक्के. पॉटमध्ये ३०० चिप्स असताना समोरच्याने ५० लावल्या, तर ३५० मिळवायला तुम्ही ५० घालता, खुशाल घाला. त्याने ३०० लावल्या, तर ६०० साठी ३०० घालणं तोट्याचं. पानं खाली ठेवा.

आणि ‘कौशल्याचा खेळ आहे, मग ऑनलाइन पैसे लावायला काय हरकत?’ असं कुणी म्हणालं, तर संसदेने २०२५ मध्ये केलेला कायदा त्याला दाखवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच्या बंदीत त्याने कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवलेला नाही.