आधी कॉलेज ठरवा, मग परीक्षा

दहावीचा निकाल लागला की आपले अनेक कारागीर बांधव आधी क्लासची फी भरतात आणि मग विचारतात, परीक्षा कोणती? हा हिशोब उलटा आहे. डॉक्टरकीला 'नीट' आणि त्यासाठी जीवशास्त्र हवेच. आयआयटी, एनआयटीसाठी जेईई. राज्यातील इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीवर भरतात. तेथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जेईईत कापतात. मूल यंत्रात रमणारे असेल तर पॉलिटेक्निक पाहा: दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांत पदविका, पुढे पदविकेच्या गुणांवर, सीईटीशिवाय, पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. माल पाहिल्याशिवाय आपण बयाणा देत नाही. तसेच फी भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून कॉलेजांची यादी करा.